स्वस्तातले पिकअप आणि नागपूरची गिटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसा नोकरी, आणि रविवारी जेवणं आटोपली की त्याच टेबलावर पेपर अंथरून कुणाची तरी गिटार उघडलेली, असं माझं बरीच वर्षं चाललंय. नागपुरात महाल, जरीपटका, त्रिमूर्तीनगर, कुठून कुठून पोरं येतात. प्रश्न मात्र तेच ते. दर वेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचे लिहून काढले. पिकअप म्हणजे तारांखालची ती डबी, जी तारेची थरथर पकडून अँपला पाठवते. ब्रिजचा म्हणजे तारा अंगावर बसतात त्या पट्टीजवळचा, नेकचा म्हणजे दांड्याजवळचा. एका कॉइलचा (गुंडाळीचा) तो सिंगल कॉइल, दोन कॉइलचा तो हमबकर, आणि प्रत्येक तारेखाली दिसणारा गोल ठिपका म्हणजे पोल. हे सगळं सहा तारांच्या सॉलिड बॉडी गिटारपुरतं आहे. बेसचं आणि अकूस्टिकचं गणित वेगळं.

दादा, माझ्या गिटारचा आवाज मेलेला वाटतो. पिकअप बदलले तर फरक पडेल ना?

पडेलही. पण आधी सांगा, तारा कधी बदलल्या होत्या? मागच्या गणपतीत बदलल्या असतील तर आवाज तारांचा मेला आहे, पिकअपचा नाही. आपल्याकडे पावसाळ्याचे तीन महिने आणि उन्हाळ्यात कूलरची ओल, यात तारा लवकर काळ्या पडतात. आधी नवा सेट चढवा.

दुसरं, पिकअपची उंची. महालातला एक पोरगा ब्रिज पिकअपसाठी पैसे जमवून आला होता. दोन आवडीचे मॉडेल फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेले. मी गिटार आडवी धरून पाहिली तर ब्रिजचा हमबकर तारांपासून जवळपास पाच मिलिमीटर खाली बसलेला. बाजूचे दोन स्क्रू फिरवत फिरवत वर आणला आणि अँप लावला. पोरगा दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "हेच पायजे होतं न भाऊ." पैसे त्याने खिशात परत नेले. पुढे त्याचं काय केलं ते विचारलं नाही.

तिसरं, केबल आणि जॅक. वायर हलवली की खरखर होते, आवाज जातो-येतो, हे पिकअपचं दुखणं नसतं.

उंची नेमकी किती ठेवायची?

बाहेरच्या दोन्ही तारा एकेक करून शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबायच्या आणि तार ते पोल हे अंतर मोजायचं. स्ट्रॅटसारख्या (स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) सिंगल कॉइलला जाड तारेखाली साधारण २.४ मिमी, बारीक तारेखाली २ मिमी. हमबकरला ब्रिजकडे १.६ मिमीच्या आसपास आणि नेककडे २.४. इथून सुरुवात करा आणि पुढचं कानाने ठरवा.

मोजायला शाळेची प्लास्टिकची पट्टी बरी. नाण्याने मोजायची युक्ती कुणी सांगेल, पण आपलं हल्लीचं एक रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचं आहे. ते थेट पोलवर जाऊन बसतं. चिकटलं तर घाबरू नका, काही बिघडत नाही, फक्त मोजता येत नाही.

सिंगल कॉइल फार वर घेऊ नका. बऱ्याचदा त्याचे पोल स्वतःच चुंबक असतात आणि ते जाड तारेला खाली ओढतात. मग वरच्या फ्रेटवर एकाच सुरात दोन सूर लढताहेत असं ऐकू येतं, ट्यूनर गोंधळतो, आणि माणूस इंटोनेशनचे, म्हणजे तारेची लांबी सुरात आणायचे, स्क्रू पिळत बसतो.

मग खरंच बदलायचे कधी?

तारा नव्या, उंची बरोबर, केबल धड, अँपवरचे बास-ट्रेबल नीट फिरवून पाहिलेले, आणि तरीही तेच गाऱ्हाणं राहिलं तर. आणि गाऱ्हाणं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. "डिस्टॉर्शनवर जाड तारांचा चिखल होतो", "क्लीनला कानात सुई टोचते", "गेन वाढवला की शिट्टी वाजते". असं काही असेल तर त्याला उत्तर शोधता येतं. "जरा भारी आवाज पाहिजे" याला पिकअप नाही, त्याला रियाज आहे.

सराव हेडफोन लावून मल्टि-इफेक्टवरच होत असेल तर हात आणखी आखडता घ्या. तिथे अँपचं मॉडेल आणि ईक्यू (बास-ट्रेबलचा तोल) बदलून जो फरक पडतो, तो पिकअप बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो.

पिकअपच्या आत असतं काय? एवढ्याशा डबीचे हजारो रुपये का?

चुंबक आणि त्याभोवती तांब्याची केसाएवढी तार, हजारो वेढे. स्ट्रॅटच्या एका पिकअपवर साडेसात-आठ हजार वेढे असतात. जुन्या धाटणीच्या हमबकरच्या दोन कॉइल असतात, प्रत्येकीवर पाच हजारांच्या आसपास. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलली की कॉइलमध्ये किंचित वीज तयार होते. फॅरडेने १८३१ साली जे दाखवलं तेच, बारावीच्या भौतिकशास्त्रात सगळ्यांनी पाठ केलेलं. म्हणूनच नायलॉनच्या तारेवर हे पिकअप चालत नाहीत.

सिंगल कॉइल घूं करतो म्हणून गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी उलट दिशेच्या दोन कॉइल जोडून हमबकर केला. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. आपली गिटार उघडून दुसरा पिकअप बसवायचा, हा बाजार त्यानंतर आला. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा, आणि सिमोर डंकनची कंपनी १९७६ ची. त्याआधी गिटारला आला तो पिकअप, तोच जन्मभर.

पैसे कशाचे, याचं माझं उत्तर: थोडे मालाचे, बरेचसे नीट केलेल्या कामाचे, आणि उरलेले नावाचे. हल्ली स्वस्त पिकअपचं कामही बरं असतं, म्हणून तर हे सगळं लिहितोय.

ऑनलाइन लिहिलंय १६ किलोओहम. ८ वाल्यापेक्षा दुप्पट दमदार ना?

नाही. यावर जरा थांबू, कारण पोरांचे सर्वाधिक पैसे इथे वाया जातात.

किलोओहमचा आकडा तारेचा रोध सांगतो, ताकद नाही. तार बारीक वापरली की वेढे तेवढेच असूनही रोध वाढतो. चुंबक कोणता, कॉइल उंच की पसरट, हे त्या आकड्यात येतच नाही. एकाच जातीच्या दोन पिकअपची तुलना करायला तो उपयोगी आहे, बस. साधारण अंदाज हवा असेल तर स्ट्रॅटचा जुन्या धाटणीचा पिकअप साडेपाच ते साडेसहा, मवाळ हमबकर साडेसात ते साडेआठ, आणि तडाखेबाज हमबकर बाराच्या पुढे. डंकनचा प्रसिद्ध जेबी सोळाच्या वर आहे. आणि ताकद वाढली की वरचा चकाकता स्वर झाकला जातो, हेही लक्षात असू द्या.

आता नागपूरची गंमत. तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. म्हणजे २० अंशाला ८ किलोओहम असलेला पिकअप मे महिन्यात ४५ अंशाच्या खोलीत मोजला तर ८.८ दाखवेल, आणि डिसेंबरच्या १२ अंशांच्या सकाळी ७.७५ च्या आसपास. पिकअप तोच. एका पोराने मे महिन्यात मोजून "दुकानदाराने जास्त वेढ्यांचा दिला" म्हणून खुशीत फोन केला होता. दिवाळीनंतर त्याला परत मोजायला लावलं.

गिटार न उघडता मोजायचं असेल तर केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण, स्विच हव्या त्या पिकअपवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटरचे दोन टोक: एक टिपला (पिनच्या टोकाला), एक बाहेरच्या नळीला. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा, फिरवून बदलणारा रोध) समांतर येतो म्हणून आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी दिसतो. ५०० किलोओहमच्या पॉटबरोबर ८ चे ७.८७ होतात. मीटर एकदम २४०-२५० किंवा ४८०-५०० दाखवत असेल तर आनंदू नका. कॉइल तुटली आहे आणि तुम्ही नुसता पॉट मोजताय.

अल्निको चांगला आणि सिरॅमिक फालतू, हे खरं का?

दुकानदाराला सोपं पडतं म्हणून तो असं सांगतो. अल्निको म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांचं मिश्रण. सिरॅमिक म्हणजे फेराइट, स्पीकरच्या मागे काळी चकती असते तेच. फेराइट स्वस्त आहे म्हणून स्वस्त गिटारमध्ये तोच भरतात, त्यातून ही बदनामी झाली. वर सांगितलेला सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकच आहे आणि त्याला कुणी फालतू म्हणत नाही.

सिंगल कॉइलमध्ये मात्र मी अल्निकोच्या बाजूचा आहे. तिथे चुंबकाच्या कांड्याच पोल असतात आणि क्लीन आवाजात एक मोकळेपणा येतो. स्वस्त सिरॅमिकमध्ये पोल साध्या लोखंडाचे आणि खाली एक-दोन चपट्या काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या. डबीवर "अल्निको ५" लिहिलंय आणि पिकअप उलटा केल्यावर ती पट्टी दिसली, तर लगेच परत पाठवा. स्क्वायर क्लासिक व्हाइब किंवा यामाहा पॅसिफिका ११२व्ही असेल तर अल्निको आधीच आहेत. तिथे उगाच खर्च करू नका.

मागवताना कोणतं माप बघायचं? सगळे हमबकर सारखेच तर असतात.

दिसतात सारखे. जाड ई आणि बारीक ई या दोन तारांमधलं अंतर पिकअपच्या वर पट्टी ठेवून मोजा. गिब्सन धाटणीचं अंतर ५० मिमीच्या आसपास, फेंडर धाटणीच्या ब्रिजला ५२-५३. कंपन्या दुसऱ्याला एफ-स्पेस किंवा ट्रेमबकर म्हणतात. चुकीचं घेतलं तर बाहेरच्या तारा पोलच्या डोक्यावरून घसरलेल्या दिसतात. ऐकायला फरक फार पडतो असं नाही, पण डोळ्याला रोज टोचतो.

दुसरं, पाय. हमबकरच्या बाजूचे स्क्रू ज्या पत्र्यात बसतात ते पाय आखूड असतात किंवा लांब. लांब पायांचा पिकअप उथळ खाचेत खाली जात नाही. हे मी स्वतः भोगलंय. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, बसवला, आणि तो तारांना चिकटूनच राहिला. शेवटी घरमालकाचा ड्रिल आणून खाच खोल केली. लाकडाचा भुसा सोफ्याखाली महिनाभर सापडत होता.

तीन सिंगल कॉइलच्या स्ट्रॅटमध्ये ब्रिजला हमबकर टाकायचा असेल तर पिकगार्ड, म्हणजे वरचा प्लास्टिकचा पत्रा, कापावा लागेल, शिवाय आत खाच आहे का तेही बघावं लागेल. कापायचं नसेल तर सिंगल कॉइलच्या मापाचे रेलवाले (ठिपक्यांऐवजी लांब पट्ट्यांचे) हमबकर मिळतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या स्ट्रॅटवाल्यांना मी तेच सुचवतो.

ठीक आहे. नावं सांगा.

खिशाच्या तीन पातळ्या धरा. सगळ्यात खाली निनावी पिकअप, ऑनलाइन दुकानांवर शेकड्यात मिळणारे. तुटलेल्या कॉइलच्या जागी तात्पुरता घालायला ठीक. नशीब लागलं तर छान, पण त्या नशिबावर पैसे लावू नका.

मधली पातळी आपली. विल्किन्सन, कोरियाचे आर्टेक, टोनरायडर. यात काम स्वच्छ असतं, हमबकरला बहुधा चार वायरी येतात, मेण भरलेलं असतं. डबी उघडल्यावर सुट्या वायरीला कथील लावलेलं दिसतं, यावरूनच कळतं की कुणीतरी लक्ष दिलंय.

वर डंकन आणि डिमार्झिओ. डंकनचा एक हमबकर अमेरिकेतच शंभर डॉलरच्या पुढे जातो, इथे येईपर्यंत त्यावर वाहतूक आणि कर. दहा-बारा हजारांच्या गिटारमध्ये तो घालणं म्हणजे लुनाला मर्सिडीजचा हॉर्न. माझा ठोकताळा असा की पिकअपवर गिटारच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त घालू नये. कुणाच्या वडिलांची जुनी गिटार असेल तर नियम मोडा.

"डंकन डिझाइन्ड" लिहिलेले पिकअप जुन्या बाजारात दिसतात. ते गिटार कंपन्यांसाठी आशियात बनलेले, डंकनच्या अमेरिकेतल्या कारखान्यातले नव्हेत. वाईट नाहीत, पण डंकनच्या भावाने घेऊ नका.

अलीएक्सप्रेसची लिंक पाठवू नका. त्यावर २०२० च्या नोव्हेंबरमध्ये भारतात बंदी आली.

सगळे बदलू की एकच?

एक. ब्रिजचा. स्वस्त गिटारमध्ये नेकचा पिकअप बहुधा खपून जातो, कारण तिथे तार मोकळी हलते आणि आवाज आपोआप भरतो. ब्रिजला तार ताठ असते, आवाज पातळ येतो, आणि पिकअपचं खरं-खोटं तिथे उघडं पडतं.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याचं गणित थोडं वेगळं. नवरात्रात एका रात्रीत चाळीस-पन्नास गाणी, त्यात निम्मी क्लीन रिदमची आणि चार-पाच सोलोची. त्यांना मी दोन सिंगल आणि ब्रिजला मध्यम ताकदीचा हमबकर सांगतो. सोळा किलोओहमचा राक्षस घेतला की स्विच फिरवल्यावर आवाज एवढा उसळतो की साउंडवाला मागून शिव्या घालतो.

पॉट बदलायची गरज असते का?

पिकअपआधी पॉटकडेच बघा. हमबकरला ५०० किलोचा, सिंगल कॉइलला २५० किलोचा, हा प्रघात. पॉट जितका मोठा तितका वरचा स्वर जास्त सुटतो. हमबकर गुदमरलेला वाटत असेल आणि आत २५० चा पॉट निघाला, तर काही शेकड्यांच्या खर्चात काम होऊन जातं. पॉटवर 'ए' असेल तर ऑडिओ, 'बी' असेल तर लिनिअर. व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला एकदम पडत असेल तर बहुतेक 'बी' बसवलाय.

कपॅसिटरवर डोकं खपवू नका. टोन दहावर ठेवून वाजवणाऱ्याला त्याचा फरक जवळजवळ ऐकूच येत नाही.

कूलर लावला की अँपमधून घूंऽऽ येतं. पिकअप खराब आहे का?

पिकअप अगदी चांगला आहे, म्हणून तर तो कूलरची मोटारही वाजवतोय. मोटारीभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि सिंगल कॉइलला तार हलली की मोटार हलली यातला फरक कळत नाही. गिटार हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला घूं जवळजवळ नाहीसं होतं. उन्हाळाभर तिथेच खुर्ची टाका. माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून आहे, म्हणून मी मे महिन्यात फोडणीच्या वासात वाजवतो.

तांब्याची टेप चिकटवून हे घूं जात नाही. ती टेप चिरचिर थांबवते: पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर यांची. घूं हवंच नसेल तर हमबकर, किंवा उलट गुंडाळीचा मधला पिकअप असलेला सिंगलचा सेट, ज्यात स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी आवाज शांत होतो. सेट घेताना "मधला आरडब्ल्यूआरपी (उलट गुंडाळी, उलट चुंबक) आहे का" एवढं विचारा.

तारांना हात लावला की घूं कमी होत असेल तर ते बहुतेक गिटारींत ठीकच आहे. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा मंडपात माइकला ओठ लागून चटका बसत असेल, तर वाजवणं तिथेच थांबवा. घराचं किंवा मंडपाचं अर्थिंग बघून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं बोर्ड असतं आणि मागे अर्थिंगची वायरच नसते. २३० व्होल्टशी पिकअपचा संबंध नाही, तुमचा आहे.

आमच्या गल्लीत मोटार वाइंडिंगवाला आहे. त्याच्याकडून पिकअप गुंडाळून घेऊ का?

हा प्रश्न मला फार आवडतो. बाहेरगावच्या कुणी अजून विचारला नाही.

पंख्याच्या तारेची जाडी पाव मिलिमीटरला थोडी कमी, आणि पिकअपची ०.०६३ मिमी. वाइंडिंगवाले काका ती हातात घेऊन म्हणतील, "हे काय, जाळं विणायचं का?" त्यांच्या यंत्राच्या ओढीने ती तुटते, आणि त्यांची तार वापरली तर हजारभर वेढ्यांतच बॉबिन भरून जाईल.

बारकाई किती ते मला एकदा कळलं. जुन्या सिंगल कॉइलचं प्लास्टिकचं झाकण अडकलं होतं, मी पेचकसने उचकटलं, आणि कॉइलच्या बाहेरच्या वेढ्याला टोक लागलं. मीटर मुका. दोन तास खिडकीशी भिंग घेऊन बसलो. तुटलेलं टोक नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हतं, उन्हात तिरपं धरलं की कोळ्याच्या धाग्यासारखं चमकायचं. एक वेढा सोडवला, टोक सोल्डरच्या गरम थेंबात बुडवून लाख जाळली, आणि जोडलं. तो वाचला, कारण तुटलं ते बाहेरचं टोक होतं. आतलं तुटलं असतं तर कचऱ्यात. तेव्हापासून झाकण अडलं की मी ते तसंच सोडतो.

गेन वाढवला की शिट्टी वाजते. हेच ते मेणाचं प्रकरण का?

हो. कॉइलचे वेढे सैल असले की ते स्वतःच थरथरतात आणि पिकअप माइकसारखा वागतो. तपासायला सोपं: गेन वाढवून पिकअपजवळ तोंड नेऊन बोला. अँपमधून तुमचाच आवाज आला तर पक्कं. उपाय म्हणजे पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण ६०-६५ अंशांवर वितळवून त्यात पिकअप बुडवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. दुहेरी भांड्यात, थेट आचेवर कधीच नाही. मेण पेट घेतं आणि प्लास्टिकचं बॉबिन वाकतं.

पहिल्यांदा करणाऱ्याने नवा मेण भरलेला पिकअपच घ्यावा, असं मी स्पष्ट सांगतो. आणि मे महिन्यात गिटार बंद कारमध्ये उन्हात ठेवू नका. काचा लावलेल्या गाडीत मेण मऊ पडण्याइतकी उष्णता सहज होते, आणि चिकटवलेल्या नेकचा गोंदही सुटू शकतो.

चार रंगीत वायरी आणि एक उघडी. कुठली कुठे?

कंपनीगणिक रंग बदलतात, डबीतला कागद फेकू नका. डंकनमध्ये काळी गरम (सिग्नलची), लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल गरम, काळी-पांढरी जोडलेली, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. स्वस्त पिकअप यातल्या एकाची नक्कल करतात, पण कागद सांगेल तेच खरं.

जुनं काढण्याआधी फोनवर चार फोटो घ्या, चारही बाजूंनी. हे न करणारा प्रत्येक जण मला रात्री अकराला फोन करतो.

नवा बसवला. एकटा छान वाजतो, पण दोन्ही मिळून आवाज पत्र्यासारखा येतो.

फेज उलटी आहे. दोन पिकअप एकमेकांचा आवाज कापताहेत. प्रत्येक पिकअप मीटरला लावा, लाल टोक गरम वायरीला, किलोओहमवर. मग लोखंडी पेचकस पोलवर टेकवा आणि बघा, आकडा क्षणभर वर उडतो की खाली. दोन्ही पिकअपचा एकाच दिशेला उडाला पाहिजे. उलट असेल तर एकाच्या गरम आणि ग्राउंडच्या वायरी अदलाबदल करा. धातूचं झाकण असलेल्या दोन-वायरी पिकअपमध्ये मात्र असं केलं तर झाकणच गरम होऊन बसतं आणि हात लागला की घूं येतं. तिथे झाकणाचं ग्राउंड आधी वेगळं काढावं लागतं, ते कुणाकडून तरी करून घ्या.

सोल्डरिंग स्वतः करू का?

करा. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सगळं सामान मिळतं. ४० ते ६० वॅटची आयर्न घ्या, कारण पॉटची पाठ उष्णता पिऊन घेते आणि २५ वॅटची तिथे नुसती चिकटते. सोल्डर आत रोझिन असलेलंच. नळ-पत्र्याच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट नको, ती वर्षभरात वायर खाते. पॉटची पाठ आधी सँडपेपरने घासा. तीन-चार सेकंदांत काम झालं नाही तर थांबा, थंड होऊ द्या.

पंख्याखाली आयर्न तापत नाही, म्हणून पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात दुपारी हे करून बघा म्हणजे मी रविवारची मजुरी का घेतो ते कळेल. धुराची काळजी म्हणून खिडकी मात्र उघडी ठेवा.

ॲक्टिव्ह पिकअप कसे?

ईएमजीसारखे ॲक्टिव्ह ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, घूं नाही, मेटलला चोख. पण पॉट २५ किलोचे लागतात, स्टिरिओ जॅक लागतो, बॅटरीला जागा लागते. म्हणजे आतलं सगळं बदलायचं. स्वस्तातल्या बदलात हे बसत नाही. आणि वाजवून झाल्यावर केबल काढायची विसरलात की बॅटरी उतरत राहते.

जुन्या बाजारातून घेतला तर? नकली कसा ओळखायचा?

ओळखीच्याकडून घ्या, मीटर बरोबर न्या. कॉलेज संपवून नोकरीला पुण्याला जाणारी पोरं गिटारसकट सगळं विकतात, मे-जूनमध्ये चांगले पिकअप तिथेच मिळतात. आकडा कंपनीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांत आहे का बघा, उन्हाचं गणित धरून. वायर फार आखूड कापलेली नाही ना? जोड देता येतो, पण खाचेत तो बोटाला सापडत नाही. आणि डंकनचा पिकअप कुणी हजार रुपयांत नवा, सीलबंद देत असेल, तर तो डंकन नाही.

काढलेल्या जुन्या पिकअपचं काय करू?

प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवा: कोणत्या गिटारचा, ब्रिज की नेक, किती किलोओहम, कोणत्या महिन्यात मोजला. गिटार विकताना मूळ पिकअप परत घालून नवा स्वतःकडे ठेवता येतो. फक्त ती पिशवी जुन्या कॅसेटच्या खोक्यात ठेवू नका. माझ्याकडे एक कॅसेट आहे, तिच्यातलं गाणं मधेच आठ-दहा सेकंद विझून परत येतं.